पहिल्या हंड्याचं पाणी

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब माझ्या चोख कामाबद्दल बरंच बोलले. इतक्या वर्षांत एक नमुना हरवला नाही, एक अहवाल उशिरा गेला नाही, असं ते सांगत होते आणि मी हातातल्या गुच्छाच्या पाकळ्या खुडत बसले होते. एक नमुना गेला होता. तो साहेबांना माहीत होता आणि मलाही. समारंभात असल्या गोष्टी कुणी काढत नाही, एवढंच. नोकरीतले अनुभव लिहून द्या असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी गमतीजमती लिहायला बसले होते. दोनदा फाडलं. मन त्या एका नमुन्यावरून हलेना. म्हणून आता तेच लिहिते.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली गावं, वाड्यावस्त्या आणि कारखान्यांमुळे फुगून शहर झालेली गावं, यांचं पिण्याचं पाणी आमच्याकडे बाटल्यांतून यायचं. माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या आजीला तिच्या तरुणपणी गावच्या आडावर पाय ठेवू देत नसत. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. त्याच आडाच्या पाण्याचा नमुना एकदा माझ्या टेबलावर आला आणि मी त्याला नापास केलं. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, त्यांना उकळून प्यायला सांग, आजारी पडायला नकोत.

आमचं काम बाहेरच्याला वाटतं तेवढं अवघड नाही. पाण्यात रोगाचे जंतू शेकडो प्रकारचे असू शकतात, सगळे शोधत बसणं शक्य नसतं. म्हणून आम्ही एकच कुळी शोधतो, जी माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहते. ती पाण्यात सापडली म्हणजे पाण्याची आणि मैल्याची कुठंतरी गाठ पडली आहे. मग बाकीचे रोग केव्हाही येऊ शकतात. नमुन्याची बाटली आधी वाफेवर निर्जंतुक केलेली असते. तिच्यात चिमूटभर औषध असतं, ते पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथं थोपवतं. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायची. तिथं ते पाणी जांभळ्या रसाच्या नळ्यांमध्ये घालून शरीराइतक्या उबेच्या कपाटात ठेवतात. जंतू असले तर रस पिवळा पडतो आणि आतल्या उलट्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. याला चोवीस तास लागतात, कधी अठ्ठेचाळीस.

हे अठ्ठेचाळीस तास मला कधीच सहन झाले नाहीत. नळ्या कपाटात उबत असतात आणि तिकडं लोक तेच पाणी पीत असतात. आपल्याला उत्तर कळतं तोवर ते पाणी पोटात जाऊन दोन दिवस झालेले असतात. नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, सवय होईल. झाली नाही. घरी भाजी चिरतानाही कपाटातल्या नळ्या डोळ्यांपुढे यायच्या.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका गावचा पाणी सोडणारा बाटल्या आधी ब्लिचिंग पावडरनं विसळून आणायचा, म्हणजे अहवाल हमखास चांगला यावा. बाटलीचं बूच काढलं की खोलीभर वास सुटायचा. पाबळकडचे एक आप्पा मुलीच्या होणाऱ्या सासरचं पाणी घेऊन आले होते. जमीनजुमला बघितला, मुलगा बघितला, आता पाणी बघायचं राहिलंय म्हणाले. पोर जन्मभर तेच पिणार, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. मी त्यांना रीतसर बाटली दिली, भरायची कशी ते शिकवलं. पाणी नापास झालं, मुलगा पास झाला. रुखवतात त्यांनी पाणी गाळायचं मोठं यंत्र मांडलं आणि मला लग्नाची पत्रिका आणून दिली.

आप्पांना मी बाटली दिली होती, हे इथं मुद्दाम लिहिते. कारण शेवंतामावशींना दिली नाही.

करोना ओसरल्यानंतरचा उन्हाळा होता. आमच्या भागातल्या एका गावात, जे आता गावही नाही आणि धड शहरही नाही, अशी एक खालची आळी आहे. नाव लिहीत नाही. तिथं पूर्वी मेंढरं राखणारी आणि आता स्थिरावलेली चार-सहा घरं, आणि भोवती कारखान्यातल्या परप्रांतीय कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. त्या आळीतल्या शेवंतामावशी एका दुपारी थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन आल्या. साठीच्या पुढच्या, हातात काठी. दोन वाहनं बदलून आल्या होत्या. पाण्याला वास येतोय, बघून द्या, असं त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी माझ्यापुढे चाळीसेक बाटल्या होत्या आणि वीज सारखी जात होती. मी त्यांना समजावलं, की असा नमुना चालत नाही, बाटली आमचीच लागते, आणि ती गावच्या कार्यालयातून यावी लागते. त्या म्हणाल्या, त्या कार्यालयातच आधी गेल्या होत्या, त्यांनीच इकडं धाडलं.

"माझ्या शेळीनं त्वांड लावलं न्हाई याला," त्या म्हणाल्या. "मेंढरं राखण्यात जल्म गेला बाई. मुकं जनावर खोटं बोलत न्हाई."

मी हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. शेळीचा दाखला अहवालात लिहिता येत नाही, असं काहीतरी बोलले. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि काठी टेकत निघून गेल्या. जाताना वाद घातला नाही. मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि बाटली कचऱ्यात टाकली. आवक वहीत नोंद केली नाही, कारण नियमाप्रमाणे तो नमुनाच नव्हता. पाण्यासाठी आलेल्या माणसाला दारातून परत लावणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. तरी ते मी केलं, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

आठ दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. खालच्या आळीतले वीस-बावीस जण जुलाब-उलट्यांनी दाखल झाले होते. आमची माणसं धावली. आळीतल्या पाच नळांचे नमुने आले. मी स्वतः लावले. चोवीस तासांनी नळ्या बघितल्या, सगळ्या जांभळ्या. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बघितल्या, तरी जांभळ्या. पाणी स्वच्छ. गावच्या कार्यालयानं तो अहवाल फलकावर लावला. आळीत त्या आठवड्यात लग्न झालं होतं, तेव्हा जेवणातून बाधा झाली असणार, असं ठरलं. ज्यांनी ते जेवण चाखलंही नव्हतं अशी माणसंही दवाखान्यात होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

अहवाल लागला त्याच दिवशी आळीतली रेखा नावाची मुलगी गेली. बिहारकडची, लग्नाला दीड वर्ष झालेली. तिचा नवरा मनोज कारखान्यात होता. सकाळी तिला जुलाब सुरू झाले, तो पाळीवर गेलेला, तिनं गोळी घेतली आणि पडून राहिली. दुपारी शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं तोवर अंगातलं पाणी संपलं होतं.

माझा अहवाल फलकावर होता: पिण्यास योग्य. खाली माझी सही.

नळ्या पुन्हा पुन्हा बघितल्या, रस ताजा आहे का, कपाटाची ऊब बरोबर आहे का, सगळं तपासलं. चूक सापडत नव्हती. आणि तेव्हा कुठं मला ती प्लॅस्टिकची बाटली आठवली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आळीत गेले.

शेवंतामावशी दारात बसल्या होत्या. मला ओळखलं. आत या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसले आणि शेळीचं नीट सांगा म्हणाले. या वेळी मध्ये बोलले नाही.

"पाणी साडेपाचला सुटतं," त्या म्हणाल्या. "पहिला हंडा शेळीम्होरं ठिवला तर ती मागं सरती. मागनं भरल्याला पिती. रोजचं हाय हे. त्या दिशी तुमाला हेच सांगणार हुते."

आमचा नियम काय सांगतो? दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. आणि आमची माणसं आळीत पोचायची तेव्हा पाणी सुटून तास-दीड तास झालेला असायचा. नळाला दिवसातून दोन तास पाणी. बाकीचे बावीस तास पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप ओढ घेतो. त्याला कुठं फट असली आणि बाहेर गटार असलं, तर गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पाणी सुटलं की तेच सगळ्यात पुढं ढकललं जातं आणि पहिल्या हंड्यात पडतं. नंतर चांगलं येतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. परीक्षेत लिहून त्याचे गुणही मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी स्कूटीवरून आळीत पोचले. बर्फाची पेटी पुढं ठेवलेली, खिशात क्लोरीन बघायचं औषध. त्याचे दोन थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. त्याला अठ्ठेचाळीस तास लागत नाहीत. साडेपाचला आळीच्या सामाईक नळानं हवा फुरफुरली. पहिली धार मी बाटलीत धरली, वाहू न देता. लगेच थोडं पाणी वेगळ्या काचेच्या नळीत धरून त्यात थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. क्लोरीन औषधालाही नव्हतं. पाच मिनिटांनी तेच. पंधरा मिनिटांनी पिवळं झालं, चांगलं लिंबासारखं.

आळीत बायका-माणसं हंडे भरत होती. नियमानं मला काहीही बोलायचा अधिकार नव्हता. अहवाल झाला की तो साहेबांकडे जातो, साहेबांकडून कार्यालयाकडे, आणि मग कार्यालय लोकांना सांगतं. मी नळाजवळच्या ओट्यावर चढले आणि भरलेलं सगळं ओतून द्या म्हणाले. अर्धा तास पाणी वाहू द्या, नंतरचं उकळून प्या. काहींनी ओतलं. एक बाई म्हणाली, फलकावर तर चांगलं म्हणून लिहिलंय. मी म्हणाले, "ते मीच लिहिलंय. ते चुकलंय."

साहेब स्वभावानं सज्जन, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. नमुना नियमाप्रमाणे घेतलेला नाही, तेव्हा तो लावताच येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शिवाय मी रजेवर होते, गावात जाऊन घबराट पसरवली होती. मी म्हटलं, लावते आणि कशा रीतीनं घेतला तेही वर लिहिते, मग तुम्ही फेकून द्या. ते गप्प झाले, त्यालाच मी परवानगी समजले. चोवीस तासही लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर पहिल्या धारेच्या सगळ्या नळ्या पिवळ्या, आणि आतले बुडबुडे बोटाच्या पेरासारखे. इतक्या वर्षांत एवढी वाईट नळी मी क्वचितच बघितली होती. साहेबांनी चष्मा काढून बघितलं, पुन्हा घालून बघितलं आणि स्वतः फोन लावला.

गटार उकरलं. मुख्य पाइप गटाराच्या कडेनं जात होता आणि अकरा घरांच्या जोडण्या गटारातूनच ओलांडून नेलेल्या. गटाराचं पाणी चढल्यावर त्या बुडूनच असायच्या. त्यातल्या एकीचा सांधा सुटला होता; त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तीही फाटलेली. ती जोडणी शेवंतामावशींच्या घराची होती.

त्यांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी गळती लागली म्हणून गावातल्याच एका मिस्त्रीकडून ती पट्टी बांधून घेतली होती. कार्यालयात अर्ज केला होता म्हणे, कुणी आलं नाही. पण अर्जाची पोच नव्हती. माझ्या अहवालात मी खरं तेच लिहिलं: गळती अमुक घराच्या जोडणीजवळ आढळली. ते एक वाक्य कार्यालयानं उचललं. बेकायदा दुरुस्तीमुळे साथ पसरली, संबंधितांवर गुन्हा दाखल करणार, असं पत्र निघालं. गटारातला पाइप, बावीस तासांची ओढ, तशाच कुजलेल्या बाकीच्या दहा जोडण्या, यातलं काही पत्रात नव्हतं. आळीनं मावशींशी बोलणं टाकलं. त्यांच्या दारावर कुणीतरी शेण फेकलं.

आणि एका सकाळी मनोज प्रयोगशाळेत आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कारखान्याचाच निळा शर्ट घातलेला. त्यानं अहवालाची प्रत मागितली. मी दिली. त्याला मराठी वाचता येत होतं, पण तो वाचत नव्हता, नुसता कागदाकडे बघत होता. मग त्यानं सांगितलं की रेखाला हंडा उचलायला जड जायचा, म्हणून पाळीवर जाण्याआधी पहिलं पाणी तोच भरून ठेवायचा. सगळ्यात आधी नंबर लावायचा. त्यानं विचारलं, त्यातूनच झालं का.

मी म्हणाले, चाचणी तेवढं सांगू शकत नाही. कुठल्या दिवशी कुठल्या हंड्यातून, हे कुणालाच सांगता येणार नाही. हे खरं होतं. ते खरं आहे याचा मला तेवढ्यापुरता आधार वाटला.

मग तो म्हणाला, "सब बोलते हैं बुढ़िया ने मारा. आप बताइए मैडम, उसी की गलती है?"

या प्रश्नाला मात्र चाचणीच्या आड लपता येत नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, की ती म्हातारी साथीच्या आठ दिवस आधी इथं आली होती. तू बसलायस तिथंच बाटली घेऊन उभी होती. मी तिला परत पाठवलं आणि पाणी ओतून दिलं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. तो शिवी देईल असं वाटलं, द्यायला हवी होती. तो उठला, प्रतीची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला.

त्याच दुपारी मी लिहायला बसले. वरच्या कार्यालयाकडून चौकशी लागली होती, मला जबाब द्यायचाच होता. साहेबांचं म्हणणं होतं, विचारलं तेवढंच लिहा. मी न विचारलेलंही लिहिलं: अमुक महिला तक्रार घेऊन आली होती, प्रथम गावच्या कार्यालयात आणि नंतर प्रयोगशाळेत, तिची तक्रार बरोबर होती, मी तिची नोंद घेतली नाही आणि नमुना नष्ट केला. दुरुस्ती कुणी केली यापेक्षा जोडण्या गटारातून का गेल्या, हे बघावं, असंही शेवटी लिहिलं. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती आणि मी काही धीट बाई नाही. पण वहीत एक ओळ असती तर त्या म्हातारीवर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. ती ओळ आता जबाबात लिहायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. मावशींवरचा गुन्ह्याचा विषय बारगळला. गावच्या कार्यालयातल्या कुणाचं काही झाल्याचं ऐकलं नाही. पाइप मात्र गटारातून उचलून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं घातला, अकराही जोडण्या नव्या दिल्या. आमच्याकडे एक सुधारणा झाली: अशा आळ्यांत एक नमुना पहिल्या धारेचा घ्यायचा, वेगळी खूण करून. आणि दारात कुणीही, कसल्याही भांड्यात पाणी घेऊन आलं तरी वहीत नाव-गाव लिहायचं. ही दुसरी मी घातलेली रीत. माझ्या जागी आलेली मुलगी ती पाळते, मी फोन करून विचारते. जरा जास्तच वेळा विचारते.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा आळीत गेले. नवीन पाण्याचा नमुना घ्यायचा होता; तो दुसरं कुणीही घेऊ शकलं असतं. शेवंतामावशींनी या वेळी आत बोलावलं, चहा टाकला. शेजारची काही घरं बोलायला लागली होती, काही अजून नव्हती. बोलता बोलता त्यांनी खुंटीकडं हात केला. तिथं एक किल्ली टांगलेली होती. मनोज रेखाचं श्राद्ध घालायला गावाकडे गेला होता, महिन्या-दोन महिन्यांनी येणार होता. जाण्याआधी तो त्यांच्या दारात आला, खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि गेला.

त्याला मी सगळं सांगितलं होतं, आणि मग लिहूनही दिलं, असं मी मावशींना सांगू लागले. बहुतेक मला त्यांच्याकडून चांगला शब्द हवा होता.

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"कळलं मला ते, चौकशीचा कागुद आल्ता, माझ्या पोरानं वाचून दावला," त्या म्हणाल्या. "पर बाई, मी आल्ते तवाच लिवलं असतं, तर त्याची किल्ली माझ्या घरात कशाला आली असती?"

आवाजात राग नव्हता. चहा निवायला लागला होता. मी तो पिऊन टाकला आणि नमुना घ्यायला उठले.